सरांचा हात फिरलेलं चित्र

जगदेव सरांना नारळाच्या झाडाची शिसारी होती. खऱ्या झाडाची नाही बरं का. ते बिचारं तिकडे कोकणात सुखानं उभं असेल. शिसारी होती ती कागदावर उगवणाऱ्या नारळाची. पोरगं वाशिम जिल्ह्यात जन्मलेलं, मालेगाव तालुक्याच्या बाहेर लग्नाकार्यापुरतं गेलेलं. समोर बाभळी, तुरीचं शेत, तलावाचा मातीचा बांध, सगळं उन्हात उघडं पडलेलं. आणि हे महाराज मान खाली घालून काय काढतात, तर दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून निघालेली निळी नदी, काठाला झोपडी आणि झोपडीवर वाकलेला नारळ. सरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "हा नारळ तुह्या आज्यानं लावला का रे इथं?" असं ते विचारायचे, आणि पोरगं खरोखर मागं वळून पाहायचं, कुठं लावलाय म्हणून.

सर मालेगावच्या एका शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. घरात बसून भिंती पाहत राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून दर रविवारी सकाळी ते पाचसहा पोरापोरींना घेऊन किन्हीराजा गावाच्या बाजूला एका पाझर तलावावर जात आणि त्यांना जलरंगात निसर्गचित्र शिकवत. शिकवत म्हणजे काय, ओरडत. ब्रश तोंडात घालून त्याचं टोक काढणारा दिसला की ओरडत. एकाच डबड्यातलं गढूळ पाणी सगळ्या रंगांना फासणारा दिसला की म्हणत, झाला तुझ्या रंगाचा चिखल, आता म्हैस आणून लोळव त्यात. पोरं हसायची आणि पाणी बदलायला उठायची.

त्यांच्या वर्गात अर्हम नावाचा एक मुलगा होता, मालेगावातले कापडाचे व्यापारी लखमीचंद शेठ यांचा नातू. घर जैन, आजी कडक. नातवाच्या ब्रशात कुठल्या जनावराचा केस नको म्हणून तिनं चौकशी करून नायलॉनचे ब्रश मागवले होते, आणि रंगासाठीसुद्धा गाळलेलं पाणी ती वेगळ्या बाटलीत भरून देई. याचं सरांना कौतुकच वाटे. निदान त्या पोराचं पाणी तरी स्वच्छ असे. पण अर्हमची दुसरी खोड त्यांच्या डोक्यात जायची. तो तलावावर पोचला की आधी फोन काढी, समोरच्या देखाव्याचा फोटो घेई, आणि मग तलावाकडे पाठ करून, सावलीत बसून, फोनमध्ये बघून चित्र काढी. अख्खं रान समोर येऊन बसलंय आणि हा शहाणा त्याला बोटभर काचेत शोधतोय. सरांना ते बघवत नसे. त्यांनी वर्गासाठी पहिला नियमच तो केला होता, की ब्रश उचलायच्या आधी समोर पाहायचं, आणि ब्रश उचलल्यावरही कागदापेक्षा समोर जास्त पाहायचं.

दुसरा नियम सरांचा स्वतःसाठी होता. पोराच्या चित्राला हात लावायचा नाही.

हा नियम कुठून आला ते समजायचं तर आपल्याकडची एक रीत ठाऊक पाहिजे. चित्रकलेच्या क्लासात पोरगं चित्र काढतं, आणि शेवटी सर त्याच्यावर 'हात फिरवतात'. म्हणजे पोराच्या हातून ब्रश घ्यायचा, आकाश नीट करायचं, झाडाला दोन फटकारे मारायचे, पाण्यात प्रतिबिंब टाकायचं, आणि कागद परत द्यायचा. खाली सही पोराची. आईबापांना यात काही वावगं वाटत नाही, उलट तेच म्हणतात, सर, जरा हात फिरवा ना. वाशिमचे गोविंदा काकडे सर या विद्येत फार पुढे गेलेले. त्यांच्या क्लासच्या भिंतीवर पोरांची चित्रं लावलेली असत. नावं निराळी, शाळा निराळ्या आणि संध्याकाळ सगळीकडे तीच, तसेच नारिंगी ढग, तीच होडी.

जगदेव सरांना याची अशी किळस यायची, की एकदा काकडे सरांच्या प्रदर्शनात गेले असता ते चहा न घेताच बाहेर आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोराच्या ताटात आपण हात घालायचा, घास करून त्याच्या तोंडात कोंबायचा, आणि पाहुण्यांना सांगायचं, बघा आमचं लेकरू कसं मजेत जेवतं. यापेक्षा ते उपाशी राहिलं तर काय बिघडलं? नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी हा नियम पाळला. त्यामुळे त्यांच्या शाळेला कधी बक्षिसं मिळाली नाहीत, आणि मुख्याध्यापक त्यांच्याशी सरळ तोंडानं बोलले नाहीत. सरांना त्याचं काही नव्हतं.

आता सायलीचं सांगतो. मालेगावच्या बाहेर गुलाबरावांचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कोबी असं काहीबाही बारा महिने चालू असतं. सायली त्यांची मुलगी, नववीत शिकणारी. पहिल्या रविवारी ती आली आणि तिनं काहीच काढलं नाही. नुसती बांधावर बसून राहिली. सर ओरडायला गेले, तेव्हा ती म्हणाली की पाहून राह्यलो सर, तुमीच म्हनलं ना. सरांना पहिल्यांदाच ओरडायला जागा सापडली नाही.

दुसऱ्या रविवारी तिनं काढलं. चित्र म्हणून ते काही धड नव्हतं. तलाव उतरणीला लागल्यासारखा वाटत होता, बांध फुगला होता. पण त्यात एक बाभूळ होती, आणि ती तीच बाभूळ होती, जिच्या खाली सरांची स्कूटर उभी होती. दुसऱ्या कुठल्या झाडाला तसं कुबड नव्हतं. आणि कागदावर पाणी कसं सोडायचं हे त्या पोरीला कुणी शिकवायची गरजच नव्हती. लहानपणापासून दांडाचं, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात फिरवलेलं; कुठं पाणी धावेल, कुठं मुरेल, कुठं थांबवायचं, हे तिच्या हातात बसलेलं होतं. बाकीची पोरं ओल्या कागदाला घाबरून ब्रशनं खरवडत बसायची. ही रंग सोडायची आणि वाट पाहायची.

सर त्या दिवशी घरी गेले तेव्हा त्यांना कशाचीच किळस येत नव्हती. बायकोनं विचारलंसुद्धा, की बरं वाटत नाही का. वर्गात मात्र त्यांनी तोंडावर काही दाखवलं नाही. सायलीच्या मागं उभं राहायचं, हूं म्हणायचं आणि पुढं जायचं, एवढंच. पण मनात एक गोष्ट पक्की बसली, की आयुष्यभर ज्याच्यासाठी लोकांची तोंडं वाकडी पाहिली, ते या पोरीच्या रूपानं एकदाचं समोर येऊन बसलंय. हिचं चित्र हिचंच असणार, डोळाही हिचा आणि हातही हिचाच.

मग एक दिवस गुलाबराव आले. मोटारसायकल बाभळीखाली लावली, टोपी काढली, आणि बराच वेळ पोरीकडे पाहून मग बोलले. माणूस वाईट नव्हता. "सर, चित्रातलं मले काई समजत नाई. पोरगी दर इतवारी इकडे येते अन् तिकडे मेथीच्या जुड्या बांधाले तिची माय एकटी पडते. कोन्या मोठ्या मानसानं सांगतलं का पोरीच्या हातात काई हाय, तं मी एक सबद बोलनार नाई. नाई तं मंग हे जऊळक्याचं झालं का पुरे."

सर म्हणाले की मी सांगतोय ना, तिच्या हातात आहे म्हणून. त्यावर गुलाबराव ओशाळं हसले. "तुमी तं तिचे सरच होय. तुमी चांगलंच म्हनसान."

जऊळक्याचं म्हणजे स्पर्धा. लखमीचंद शेठांच्या मंडळानं शेठांच्या वडिलांच्या स्मरणार्थ जिल्ह्यातल्या मुलांसाठी निसर्गचित्र स्पर्धा ठेवली होती. जऊळक्याच्या अलीकडे एक तलाव आहे, त्याच्या काठावर बसून मुलांनी तिथल्या तिथं जलरंगात चित्र काढायचं होतं. जगदेव सरांनी शेठांच्या दुकानात जाऊन गादीवर बैठक मारली आणि सांगितलं की स्पर्धा घेता ते उत्तम, पण मैदानात शिक्षक सोडलेत तर मी अर्हमसकट माझी सगळी पोरं परत घेऊन जाईन. दोरी बांधा. दोरीच्या आत फक्त मुलं. शेठांना ते पटलं. ते म्हणाले की दोरी बांधतो, आणि आत देखरेखीला कुणी एक लागेल तर तुम्हीच उभे राहा, तुमच्यासारखा कडक माणूस दुसरा नाही. सरांना मनातून बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोला.

स्पर्धेच्या सकाळी सर वेळेच्या आधी पोचले आणि तिथूनच त्यांचं डोकं उठायला लागलं. तलाव दिसतच नव्हता. त्याच्यापुढं भलामोठा फलक उभा केला होता, त्यावर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे, प्रत्येकाच्या तोंडावर फोटोपुरतं हसू. लाउडस्पीकरवर कुणीतरी हॅलो हॅलो करत बसला होता. कांदा न घातलेले पोहे आले, पोरांनी खाल्ले, आणि थर्मोकोलच्या प्लेटा वाऱ्यानं थेट पाण्यात. जे पाणी आता रंगवायचं त्याच पाण्यात प्लेटा तरंगतायत आणि एकालाही त्याचं काही नाही. एक बाप तर मुलाशेजारी उभा राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला, नेमका त्या जागी जिथं दुसऱ्या पोरीनं आपली सतरंजी घालायला घेतली होती. सरांना ओकारी आली. त्यांनी त्या माणसाला असं झापलं, की तो दोरीबाहेर गेला तो पुन्हा दिसला नाही.

मग पाहुण्यांचं भाषण झालं, निसर्ग आपली माता आहे वगैरे, आणि मुलं कागद घेऊन बसली. अर्ध्या तासातच दोरी कुणालाही अडवेनाशी झाली. पहिले वाकून आत आले ते काकडे सर, कानावर ब्रश खोचून. पोराला पाणी द्यायला आलो म्हणाले. पाणी दिलं, आणि खाली बसून त्याचं आकाशही नारिंगी करून टाकलं. सकाळचे साडेदहा वाजलेत, वर लखलखीत ऊन, आणि कागदावर सूर्य मावळतोय. त्यांचं बघून मानोऱ्याचे एक सर आत आले, मग एक मॅडम आल्या, मग आया आल्या. प्रत्येक पोराच्या पाठीशी एकएक मोठं माणूस ओणवं झालेलं. पोरं काय करत होती, तर बिस्किटं खात होती.

सर एकाला बाहेर काढत तोवर दोघं आत येत. ओरडून घसा बसला. शेवटी ते मंडपात शेठांकडे गेले. शेठांनी हात जोडले, म्हणाले की सर, लेकरं आहेत, एवढं काय मनावर घेता, सगळेच करतात ना. सर परत आले तेव्हा अर्हमच्या कागदावर काकडे सरांची होडी तरंगत होती. त्यांच्या स्वतःच्या वर्गातला अर्हम. तो सरांकडे पाहून आनंदानं म्हणाला की काकडे सरांनी बिचाऱ्यांनी स्वतःहून विचारलं. सरांनी त्या होडीकडे असं पाहिलं, की अर्हमनं कागद छातीशी धरला.

सगळ्या मैदानात एकच जागा अशी होती जिथं कुणी ओणवं नव्हतं. टोकाला, लाउडस्पीकरपासून लांब, सायली एकटी बसली होती. गुलाबराव दोरीबाहेर उभे होते, पण त्यांना बापड्यांना आत जाऊन काय करायचं तेच ठाऊक नव्हतं. सर दोनदा तिच्या मागून गेले. मुद्दाम थांबले नाहीत. चालता चालता दिसलं तेवढं पाहिलं. फलक तिनं चित्रातून गाळला नव्हता, त्याची मागची फाटकी बाजू आणि बांबू काढले होते. पाण्यात प्लेटाही होत्या, पांढरे ठिपके कोरे सोडून दिलेले. सरांना हसू आलं. सकाळपासून तोंडात बसलेली कडवट चव जरा उतरली, आणि त्यांना वाटलं की आज बाकी सगळा उकिरडा झाला तरी चालेल, हे एक चित्र खरं निघालं की पुरे.

परीक्षक मंडपातून उठले आणि पहिल्या रांगेपासून बघत यायला लागले. सर तिसऱ्यांदा सायलीपाशी आले, आणि जागच्या जागी थबकले.

आकाश बिघडलं होतं. वरचा निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, छान उतरला होता, पण उजवीकडे, शेताच्या रेषेवर, त्या ओल्या निळ्यात मातकट डाग पसरत चालला होता. खालून वर, फुगत, कडा फाटत. नवखा माणूस ओल्या रंगावर ओला ब्रश ठेवतो आणि पाणी उलटं धावतं, तेव्हा होतो तसला डाग. सर कागदाकडेच बघत राहिले. डाग अजून वाढत होता, आणखी थोड्या वेळानं सगळ्या आकाशात शिरला असता. सायली ब्रश हातात धरून नुसती बसली होती. बावरली असेल, त्यांना वाटलं. परीक्षक तीनचार मुलांवर येऊन ठेपले होते. पलीकडे गुलाबराव उभे, टोपी हातात. उद्यापासून ही पोरगी जुड्या बांधणार, आणि पुन्हा कधी ब्रश धरणार नाही. एका डागापायी.

हे सगळं सरांनी विचार करून ठरवलं असं म्हणायला जागा नाही. ते खाली बसले, तिच्या हातातून ब्रश घेतला, खिशातला रुमाल काढला. डाग टिपला. स्वच्छ पाण्यानं कड मऊ केली. निळा रंग सोडून आकाश पुन्हा एकसारखं केलं. हात भारी होता सरांचा, खोटं नाही. काकडे सर दहा जन्म घेतील तरी तसा वॉश त्यांना जमायचा नाही. आणि एकदा हात आत गेला की तो काय तिथं थांबतो होय? बांधाची सावली जरा गडद केली. काठावरच्या बाभळीच्या बुंध्याला एक फटकारा. आणि मग, काय अवदसा आठवली कोण जाणे, त्या नव्या निळ्या आकाशात दोन पक्षी. ते पक्षी काढून झाल्यावर सरांना कळलं की आपण काय केलं.

सायलीनं हात मांडीवर घेतले होते. ती आधी सरांकडे, मग पलीकडे बघत होती.

"ते कुटाराची धूळ होती सर," ती म्हणाली. "तिकडे हडंबा चालू हाय ना."

सरांनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी तलावाच्या पल्याड पाहिलं. तिथं तुरीच्या शेतात मळणीयंत्र लावलं होतं, ज्याला आपल्याकडे हडंबा म्हणतात. लाउडस्पीकरमुळे त्याचा आवाज ऐकू येत नव्हता. माणसं पेंढ्या आत टाकत होती, आणि दुसऱ्या तोंडातून कुटाराची, म्हणजे भुशाची, मातकट धूळ आकाशात चढत होती. खालून वर, फुगत, कडा फाटत. तिनं डाग पाडलाच नव्हता. ती रंग सोडून थांबली होती, धूळ जेवढी वर जाईल तेवढा रंगही जाऊ द्यायला. जिल्ह्यातल्या सगळ्या पोरांत एकटीनं समोर पाहिलं होतं, आणि समोर पाहा म्हणून जन्मभर घसा कोरडा करणाऱ्या माणसानं कागदाकडे पाहून ते पुसून टाकलं होतं.

तेवढ्यात परीक्षक आले, आणि त्यांनी वाकून चित्र बघितलं. एक म्हणाले, वा, आकाश काय स्वच्छ उतरलंय. दुसऱ्यांना पक्षी आवडले.

पहिलं बक्षीस सायलीला मिळालं. नाव पुकारलं तेव्हा ती उठून गेली, ढाल घेतली, पाहुण्यांच्या पाया पडली, फोटोत उभी राहिली. सर मंडपाच्या खांबाला टेकून होते. त्यांच्या मनात आलं की आत्ता जाऊन माइक हातात घ्यावा आणि सांगावं. ते दोन पावलं पुढं गेलेही. पण समोरून गुलाबराव आले. त्या माणसाचे डोळे भरले होते. त्यांनी सरांचे दोन्ही हात हातात धरले आणि म्हणाले की आता दर इतवारी मीच आणून सोडीन, जुड्या बांधाले दुसरं मानूस लावीन. आणि म्हणाले, "तुमचा हात लागला सर, पोरीचं सोनं झालं." त्यांनी ते ज्या अर्थानं सगळे म्हणतात त्याच अर्थानं म्हटलं होतं. सरांना मात्र आपले हात त्यांच्या हातातून ओढून घ्यावेसे वाटले, पण त्यांनी ते ओढून घेतले नाहीत. माइकचं तिथंच राहिलं.

परत निघताना काकडे सर भेटले. कानावर ब्रश तसाच. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात टाकला, जवळ ओढलं आणि हळूच म्हणाले, "शेवटी फिरवाच लागते, सर." त्यांच्या बोलण्यात चिडवणं नव्हतं. आपल्यातलाच एक माणूस उशिरा का होईना घरी आला, अशी माया होती. ही माया सरांच्या अंगावर पालीसारखी चढली. थुंकणाऱ्याला झापता येतं; याला काय म्हणणार? ते स्कूटर काढून निघाले. घरी गेल्यावर साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि जेवायला बसले तर आपल्याच हातानं घास उचलवेना. बायकोनं विचारलं, बक्षीस मिळालं ना पोरीला, मग असं काय तोंड करून बसलात. सर म्हणाले, पोट बिघडलंय.

आठवडाभर ते स्वतःशी बोलणी करत होते. रविवारी सायली आली की तिला सगळ्यांसमोर सांगायचं, की तुझं चित्र मी नासवलं. ती धूळ पुन्हा काढायला लावायची. रडली तर रडू द्यायचं, भांडली तर उत्तमच. नाहीच आली तर मळ्यात जाऊन सांगायचं. असं सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

रविवारी ती आली. गुलाबरावांनी स्वतः मोटारसायकलवरून आणून सोडली, सरांना लांबूनच रामराम घातला आणि गेले. सायली नेहमीच्या जागी बसली. बोर्डावर कागद लावला, पाणी आणलं, कागद वरपासून खालपर्यंत ओला केला. सगळं शिकवल्याप्रमाणे. मग ती थांबली. सर तिच्यापाशी गेले. बाकीची पोरं आपापल्या जागी कामाला लागली होती. सरांनी घसा साफ केला आणि ठरवलेलं सगळं सांगितलं. की चूक माझी होती, की ते बक्षीस तुझं नाही आणि माझंही नाही, की तुझी धूळ त्या अख्ख्या मैदानातल्या सगळ्या चित्रांपेक्षा चांगली होती.

सायलीनं ऐकून घेतलं. तिला राग आलेला दिसेना. ती समजूतदारपणे मान हलवत होती, मोठं माणूस उगाच काहीतरी म्हणतं तेव्हा पोरं हलवतात तशी. मग म्हणाली, "पन सर, त्या धुळीनं काई भेटलं नसतं ना. तुमी केलं म्हनून भेटलं." आणि तिनं ब्रश उलटा करून, दांडा सरांच्या बाजूला धरून, त्यांच्यापुढं केला. "तुमी आभाळ सुरू करून द्या. बाकीचं मंग मी भरीन."

रागानं म्हणाली असती तर त्यांनी सहन केलं असतं. टोमणा मारला असता तरी चाललं असतं. ती मनापासून म्हणत होती. एका सकाळीत ती हे त्यांच्याकडूनच शिकली होती, आणि नीट शिकली होती.

त्यांनी ब्रश घेतला नाही. हात पाठीमागं बांधले, आवाज चढू दिला नाही, आणि म्हणाले की सायली, ब्रश ठेव खाली. आधी पाहा. समोर पाहा.

सायलीनं ब्रश ठेवला. मान वर केली. तलावाकडे तिचं लक्ष गेलंच नाही. सरांचा हात पाठीमागून केव्हा पुढं येतो, तेच ती पाहत बसली.